आहार, व्यायाम व स्थूलता आणि वायुप्रदूषणाची बाधाप्रवणता : एक विवेचन

सारांश

एकाच रस्त्यावरील हवा श्वासावाटे घेणाऱ्या दोन व्यक्तींवर वायुप्रदूषणाचा परिणाम सारखा होत नाही. वय, आनुवंशिकता व पूर्वीचे आजार यांच्याबरोबरच आहार, शरीरातील मेदाचे प्रमाण आणि शारीरिक श्रम हे तीन घटक हा फरक घडवितात. प्रस्तुत लेखात या तीन घटकांची कार्यपद्धती, त्यासंबंधी विविध देशांत झालेले महत्त्वाचे अभ्यास आणि भारतीय परिस्थितीत त्या अभ्यासांचा लागू पडणारा व न पडणारा भाग यांचा परामर्श घेतला आहे. योग्य आहार व नियंत्रित वजन यांमुळे शरीराची प्रतिकारक्षमता काही अंशी वाढते, व्यायामाचा लाभ मात्र स्थळ, वेळ व प्रदूषणाची पातळी यांवर अवलंबून राहतो. आणि यांपैकी कोणताही उपाय स्वच्छ हवेला पर्याय ठरू शकत नाही, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : वायुप्रदूषण, बाधाप्रवणता, सूक्ष्म धूलिकण, अँटिऑक्सिडंट, स्थूलता, व्यायाम

प्रस्तावना

डिसेंबर १९५२ मध्ये, ५ ते ९ तारखेच्या दरम्यान लंडन शहरावर कोळशाचा धूर व धुके यांचा दाट थर पसरला. तत्कालीन शासकीय अंदाजानुसार त्यामुळे सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाले. पुढील काळातील संशोधकांनी हा आकडा १२,००० च्या आसपास असावा असे दाखवून दिले. ती विषारी हवा संपूर्ण शहरानेच घेतली होती. परंतु मृतांमध्ये वृद्ध, तान्ही बालके आणि श्वसनाचे वा हृदयाचे विकार असलेले रुग्ण यांचे प्रमाण फार मोठे होते. हवा सर्वांना सारखी, परंतु तिचा आघात विषम, ही गोष्ट त्या घटनेने ठळकपणे पुढे आणली.

त्यानंतर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून १९९३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यातून आढळले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बाह्य वायुप्रदूषणाचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या घटकांत केला. भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू वायुप्रदूषणाशी निगडित होते, असा अंदाज जागतिक रोगभार अभ्यासाच्या आधारे करण्यात आला आहे.

हे आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत. सरासरीच्या आत दडलेला प्रश्न असा की, समान प्रदूषणात एक व्यक्ती तुलनेने सुस्थितीत राहते व दुसरी आजारी पडते, ते कशामुळे? वय व आनुवंशिकता बदलता येत नाहीत. आहार, वजन व व्यायाम हे घटक निदान तत्त्वतः बदलता येण्याजोगे आहेत. म्हणूनच गेल्या दोन-तीन दशकांत संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. या विषयात सोपी उत्तरे पुष्कळ दिली जातात. अमुक फळ खाल्ल्याने फुप्फुसे ‘स्वच्छ’ होतात, पहाटे धावल्याने शरीर प्रदूषणाला दाद देत नाही, अशा समजुती सुशिक्षित वर्गातही रूढ आहेत. त्या समजुतींची शास्त्रीय कसोटीवर तपासणी होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. बाधाप्रवणता ही संकल्पना स्पष्ट करणे.
२. आहार, स्थूलता व व्यायाम या घटकांचा तिच्यावरील परिणाम उपलब्ध संशोधनाच्या आधारे तपासणे.
३. भारतीय परिस्थितीत व महाविद्यालयीन जीवनात या ज्ञानाचे उपयोजन कसे करावे, याचा विचार करणे.

संपर्क, मात्रा आणि बाधाप्रवणता

प्रदूषणाच्या परिणामाचा विचार करताना तीन संकल्पना परस्परांपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. व्यक्ती ज्या हवेत वावरते त्या हवेतील प्रदूषकाचे प्रमाण व त्या हवेत घालविलेला काळ यांना ‘संपर्क’ म्हणता येईल. त्यांपैकी प्रत्यक्ष शरीरात शिरणाऱ्या व तेथे साठणाऱ्या प्रदूषकाचे परिमाण म्हणजे ‘मात्रा’. समान मात्रेमुळे एखाद्या शरीराला इतरांपेक्षा अधिक अपाय होण्याची शक्यता म्हणजे ‘बाधाप्रवणता’ होय. व्यायामाचा संबंध प्रामुख्याने मात्रेशी, आहाराचा बाधाप्रवणतेशी, तर स्थूलतेचा या दोहोंशी येतो. ही विभागणी ध्यानात ठेवल्यास पुढील विवेचनातील बराचसा गुंता सुटतो.

प्रदूषकांपैकी आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक मानले जातात ते पीएम २.५ या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म धूलिकण. त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी असतो. नाकातील केस व श्वासनलिकेतील श्लेष्मा मोठे कण अडवितात. हे कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कणांचा काही अंश रक्तातही उतरतो. ओझोन व नायट्रोजन डायऑक्साइड हे वायूही महत्त्वाचे प्रदूषक आहेत. या सर्वांच्या अपायाचा एक समान मार्ग आहे. ते पेशींच्या ठिकाणी अतिक्रियाशील ऑक्सिजन-संयुगे निर्माण करतात. शरीरातील संरक्षक द्रव्ये अपुरी पडली की ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ उद्भवतो, त्यातून दाह सुरू होतो आणि दाहकारक द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र पसरतात. हवेच्या प्रदूषणाने केवळ दमाच नव्हे, तर हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह यांचाही धोका का वाढतो, याचे उत्तर या साखळीत मिळते.

आहार आणि संरक्षण

फुप्फुसांच्या आतील पृष्ठभागावर द्रवाचा एक अत्यंत पातळ थर असतो. या थरात क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, ग्लुटाथायोन व ई जीवनसत्त्व ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. श्वासावाटे आलेला ओझोन पेशींपर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रथम या थरातील द्रव्यांशी संयोग पावतो. म्हणजे ही द्रव्ये स्वतः खर्ची पडून पेशींचे रक्षण करतात. मानवी शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. त्यामुळे आहारातील उणिवेचा परिणाम या संरक्षक थरावर होऊ शकतो, हे तर्कास धरून आहे.

हा तर्क मेक्सिको सिटी या अतिप्रदूषित शहरात प्रत्यक्ष तपासण्यात आला. दमा असलेल्या १५८ मुलांपैकी काहींना दररोज २५० मिलिग्रॅम क व ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, तर इतरांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या व मध्यम ते तीव्र दमा असलेल्या मुलांमध्ये ओझोनची पातळी वाढली की फुप्फुसांची कार्यक्षमता घटत असे. जीवनसत्त्वे घेणाऱ्या मुलांत अशी घट आढळली नाही. त्याच शहरातील एका वृद्धनिवासात केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माशांच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांमुळे सूक्ष्म कणांचा हृदयाच्या लयीवरील प्रतिकूल परिणाम कमी झाल्याचे दिसले.

आहाराचा आणखी एक उपयोग शरीरात शिरलेल्या विषारी द्रव्यांच्या निचऱ्यासाठी होतो. चीनमधील यांग्त्से नदीच्या मुखाजवळील चीडोंग येथे २९१ व्यक्तींवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रोकोलीच्या कोंबांपासून बनविलेले पेय घेणाऱ्या गटात बेन्झीनचे मूत्रावाटे होणारे उत्सर्जन ६१ टक्क्यांनी, तर ॲक्रोलिन या क्षोभकारक द्रव्याचे उत्सर्जन २३ टक्क्यांनी वाढले. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या भाज्या त्याच कुळातील आहेत. परंतु प्रयोगात वापरलेल्या कोंबांच्या अर्कात क्रियाशील द्रव्याचे प्रमाण नेहमीच्या भाजीपेक्षा कितीतरी अधिक होते, हे विसरता कामा नये.

एखाद्या सुट्या पोषकद्रव्यापेक्षा संपूर्ण आहारपद्धतीचा विचार अधिक उद्बोधक ठरतो. अमेरिकेतील ५,४८,८४५ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. फळे, भाज्या, कडधान्ये, तृणधान्ये व मासे यांचे प्रमाण अधिक आणि मांसाचे कमी, अशा भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराचे पालन जे सर्वांत कमी करीत, त्यांच्या बाबतीत पीएम २.५ ची दीर्घकालीन पातळी १० मायक्रोग्रॅमने वाढल्यास हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी वाढत होता. सर्वाधिक पालन करणाऱ्यांत ही वाढ ५ टक्के होती. दीर्घकालीन ओझोनच्या बाबतीत मात्र असे संरक्षण दिसले नाही. आहाराचा प्रभाव प्रदूषकागणिक बदलतो, असा याचा अर्थ होतो.

या निष्कर्षांवरून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा सरसकट पुरस्कार करणे धोक्याचे ठरेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढले. अमेरिकेतील तशाच एका प्रयोगात २८ टक्के वाढ आढळल्याने १९९६ मध्ये तो मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. गाजरातून मिळणारे कॅरोटीन आणि गोळीतून मिळणारी त्याची मोठी मात्रा यांचा परिणाम भिन्न असू शकतो, हा धडा या प्रयोगांनी दिला.

महाराष्ट्रातील आहाराचा विचार करता आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, पालेभाज्या, कडधान्यांच्या उसळी, किनारपट्टीवरील बांगडा व तारली हे पदार्थ या दृष्टीने उपयुक्त आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ स्निग्धाम्ल असते. मात्र वनस्पतिजन्य प्रकाराचे माशांतील प्रकारात रूपांतर शरीरात अल्प प्रमाणातच होते. त्यामुळे माशांच्या तेलावरील प्रयोगांचे निष्कर्ष जवसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

स्थूलता : दुहेरी भार

स्थूल व्यक्तीची बाधाप्रवणता वाढण्याची कारणे तीन पातळ्यांवर शोधता येतात. पहिले कारण यांत्रिक आहे. मोठ्या शरीराला अधिक प्राणवायू लागतो, त्यामुळे दिवसभरात आत घेतलेल्या हवेचे व तिच्यासोबत प्रदूषकांचे परिमाण वाढते. पोटावरील मेदामुळे श्वासपटलाची हालचाल मर्यादित होऊन फुप्फुसे कमी आकारमानावर कार्य करतात व लहान श्वासनलिका अरुंद होतात. दुसरे कारण जैवरासायनिक आहे. मेद-ऊतक हे केवळ ऊर्जेचे कोठार नसून दाहकारक द्रव्ये स्रवणारे सक्रिय ऊतक आहे. स्थूल शरीरात मंद दाह आधीपासूनच धुमसत असतो. प्रदूषणाने निर्माण होणारा दाह त्यात भर घालतो. तिसरे कारण असे की, मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार हे स्थूलतेचे नित्याचे सोबती प्रदूषणाचेही लक्ष्य असतात.

या विवेचनाला लोकसंख्येवर आधारित अभ्यासांची पुष्टी मिळते. ईशान्य चीनमधील सात शहरांतील ३०,०५६ मुलांच्या अभ्यासात वायुप्रदूषण व श्वसनविकार यांचा संबंध जादा वजनाच्या व स्थूल मुलांत अधिक तीव्र आढळला. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात दमा असलेल्या १४८ मुलांच्या घरांतील हवेचे मापन करण्यात आले, तेव्हा घरातील सूक्ष्म कणांमुळे जादा वजनाच्या मुलांना होणारा त्रास इतर मुलांपेक्षा जास्त असल्याचे दिसून आले. हे दोन्ही अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा संबंध उलट दिशेनेही कार्य करतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अतिस्निग्ध आहार देऊन स्थूल केलेल्या उंदरांना २४ आठवडे पीएम २.५ युक्त हवेत ठेवण्यात आले. गाळलेल्या हवेतील स्थूल उंदरांच्या तुलनेत त्यांच्या मेद-ऊतकातील दाह व इन्सुलिनला होणारा विरोध अधिक वाढलेला आढळला. म्हणजे स्थूलतेमुळे प्रदूषणाचा अपाय वाढतो आणि प्रदूषणामुळे स्थूलतेचे दुष्परिणाम वाढतात, असे हे दुष्टचक्र आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची बाब उपस्थित होते. पाश्चात्त्य अभ्यासांत स्थूलता बहुधा शरीरवस्तुमान निर्देशांकावरून, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनावरून ठरविली जाते. हे माप भारतीय शरीराला पुरेसे लागू पडत नाही, असे पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के होते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासातही वजन कमी, परंतु मेद तुलनेने टिकून असल्याचे आढळले होते.

या ‘कृश-मेदयुक्त’ देहरचनेचा वायुप्रदूषणाशी असलेला संबंध गांभीर्याने विचारात घ्यावयास हवा. वर उल्लेखिलेला दाह मेदातून, विशेषतः पोटातील मेदातून उद्भवतो. वजनकाट्यावरील आकड्यातून नव्हे. दिसण्यास सडपातळ असलेली भारतीय व्यक्तीही या दृष्टीने अधिक बाधाप्रवण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २५ वा त्याहून अधिक निर्देशांक असलेल्या महिलांचे प्रमाण २४.० टक्के व पुरुषांचे २२.९ टक्के होते. भारतीयांसाठी सुचविलेली जादा वजनाची मर्यादा २३ पासून सुरू होत असल्याने प्रत्यक्षातील समस्या या आकड्यांपेक्षा मोठी आहे. दिल्ली व चेन्नई येथील १२,००० हून अधिक प्रौढांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी १० मायक्रोग्रॅमने वाढल्यास मधुमेहाचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. मधुमेहाच्या भारतीय साथीचा विचार करताना अन्न व आळस यांच्याबरोबर हवेलाही स्थान द्यावे लागेल, असे यावरून म्हणता येते.

व्यायाम : लाभ आणि जोखीम

तिन्ही घटकांत व्यायामाचा प्रश्न सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे. नियमित व्यायामाने हृदयाची कार्यक्षमता वाढते, दाह कमी होतो, इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो व वजन आटोक्यात राहते. म्हणजे दीर्घ मुदतीत बाधाप्रवणता घटते. परंतु व्यायाम सुरू असताना मात्रा मात्र कैक पटींनी वाढते.

ही वाढ साध्या गणिताने समजून घेता येईल. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे ७ लिटर हवा आत घेते. धावताना हे प्रमाण ५० लिटर धरल्यास एका तासात ३,००० लिटर, म्हणजे ३ घनमीटर हवा फुप्फुसांत जाते. हवेत पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर धावणारा तासाभरात ३०० मायक्रोग्रॅम कण आत घेतो. स्वस्थ बसलेला केवळ ४२. धावण्याच्या एका तासात विश्रांतीच्या सात तासांइतकी धूळ आत जाते. शिवाय जोराच्या श्रमात तोंडाने श्वास घेतला जातो व नाकाची गाळणी टळते. प्रयोगशाळेतील एका अभ्यासात मध्यम व्यायामाच्या वेळी फुप्फुसांत साठणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची संख्या विश्रांतीच्या तुलनेत साडेचार पट आढळली.

दक्षिण कॅलिफोर्नियातील दमा नसलेल्या ३,५३५ मुलांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओझोनचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्यांत तीन वा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा होण्याचा धोका न खेळणाऱ्यांच्या तुलनेत ३.३ पट होता. ओझोन कमी असलेल्या वस्त्यांत खेळांचा असा दुष्परिणाम दिसला नाही. दोष खेळाचा नसून ज्या हवेत तो खेळला गेला तिचा होता, हे उघड आहे.

लंडनमध्ये झालेला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने विशेष बोलका आहे. साठ वा त्याहून अधिक वयाच्या ११९ व्यक्तींना, त्यांत निरोगी तसेच हृदयाचे व फुप्फुसांचे रुग्णही होते, एकदा हाइड पार्क या उद्यानात व एकदा डिझेलवरील बस-टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालविण्यात आले. उद्यानात चालल्यानंतर फुप्फुसांची क्षमता सुधारली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यानंतर हे लाभ बव्हंशी नाहीसे झाले. ही दोन्ही ठिकाणे परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

असे असले तरी प्रदूषणाच्या भीतीने व्यायाम सोडणे योग्य नाही. डेन्मार्कमधील कोपनहेगन व आरहूस येथील ५२,०६१ व्यक्तींच्या अभ्यासात वाहतुकीचे प्रदूषण अधिक असलेल्या भागांतही व्यायाम करणाऱ्यांचा मृत्युदर कमीच राहिला. लाभ व जोखीम यांचा ताळमेळ मांडणारे एक गणिती प्रतिमान २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पीएम २.५ ची पातळी २२ मायक्रोग्रॅम असेल, तर चालणे व सायकल चालविणे यांचे लाभ जोखमीपेक्षा फार मोठे ठरतात. पातळी १०० मायक्रोग्रॅम असल्यास दररोज दीड तासापेक्षा अधिक सायकल चालविण्याने तोटा लाभावर मात करतो. चालण्याच्या बाबतीत ही मर्यादा दहा तासांच्या पुढे जाते.

अलीकडील दोन आशियाई अभ्यास हा प्रश्न अद्याप खुला असल्याचे दर्शवितात. तैवानमधील ३,८४,१३० प्रौढांच्या अभ्यासात (२०२१) प्रदूषित भागांतही नियमित व्यायाम हितकर ठरला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातील २० ते ३९ वयोगटातील सुमारे १४ लाख ७० हजार तरुणांच्या अभ्यासात मात्र अधिक प्रदूषित भागांत व्यायामाचे प्रमाण खूप वाढविणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका वाढलेला दिसला. कोरियन अभ्यासात ‘अधिक प्रदूषण’ म्हणजे पीएम २.५ ची सुमारे २६ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक पातळी होय. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केलेली मर्यादा अवघी ५ मायक्रोग्रॅम आहे. कोरियात जी हवा धोक्याची ठरली, तिच्याहून वाईट हवाही भारतात मानकात बसते, ही बाब नजरेआड करता येणार नाही.

भारतीय परिस्थिती आणि विषमतेचा प्रश्न

‘पहाटेची हवा शुद्ध’ ही पारंपरिक धारणा आहे. शहरी हिवाळ्याच्या बाबतीत तिचा पुनर्विचार करावा लागतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि वाहनांचा धूर, जाळलेला कचरा, बांधकामाची धूळ हे सारे त्याखाली साठत जाते. त्यामुळे पुणे-दिल्लीसारख्या शहरांत हिवाळ्यातील भल्या सकाळी सूक्ष्म कणांची पातळी बहुधा अधिक असते व ऊन चढल्यावर ती उतरते. ओझोनचे चक्र याच्या उलट असून कडक उन्हाच्या दुपारी त्याचे प्रमाण वाढते. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वैद्यक संघटनेने दिल्लीतील अर्धमॅरेथॉन रद्द करण्याची मागणी केली होती, तिच्यामागे हीच चिंता होती. ती स्पर्धा पुढे १९ नोव्हेंबर रोजी पार पडली.

महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या तयारीसाठी शेकडो तरुण-तरुणी पहाटे हमरस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याची चाचणी द्यावी लागते. गावाजवळ मैदान नसल्याने डांबरी रस्ता हेच त्यांचे मैदान असते. त्यांच्यासाठी ‘व्यायामाचे ठिकाण बदला’ हा सल्ला सोपा नाही.

बांधकाम मजूर, सफाई कामगार, हातगाडीवाले, चौकातील वाहतूक पोलीस यांच्या बाबतीत तर श्रम ही निवड नसून उपजीविका आहे. धावणाऱ्याचा वाढलेला श्वास त्यांना दिवसाचे आठ तास घ्यावा लागतो. आणि बहुधा फळे, दूध, मासे यांची सर्वाधिक टंचाई त्यांच्याच ताटात असते. उपरोक्त राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्के होते; म्हणजे उर्वरित घरांत चुलीचा धूर कायम होता. १५ ते ४९ वयोगटातील ५७.० टक्के महिलांना रक्तक्षय होता. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता आधीच उणी असलेली स्त्री धुरात स्वयंपाक करते, तेव्हा संपर्क, मात्रा व बाधाप्रवणता या तिन्ही गोष्टी तिच्या विरोधात एकवटतात.

संशोधनाच्या मर्यादा

उपरोक्त अभ्यासांपैकी बहुतेक निरीक्षणात्मक आहेत. उत्तम आहार घेणारी व्यक्ती बहुधा अधिक सधन असते, बरी वस्ती निवडू शकते व वेळेवर उपचार घेते. या घटकांचा प्रभाव संख्याशास्त्रीय पद्धतीने वजा करण्याचा प्रयत्न होतो, तरी तो पूर्णतः वेगळा करता येत नाही. आहारविषयक प्रयोग लहान गटांवर व अल्पकाळ झालेले आहेत. त्यांत मोजली गेली ती फुप्फुसांची क्षमता वा हृदयाची लय, आयुर्मान नव्हे. युरोप-अमेरिकेतील अभ्यास भारताच्या तुलनेत कमी प्रदूषणाच्या पातळीवर झाले आहेत. भारतीय आहार, भारतीय देहरचना व भारतीय हवा यांचा एकत्रित विचार करणाऱ्या दीर्घकालीन संशोधनाची गरज त्यामुळे अधोरेखित होते. गृहविज्ञान, शारीरिक शिक्षण, रसायनशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना एकत्र येऊन हाती घेता येण्यासारखे हे क्षेत्र आहे.

महाविद्यालयांसाठी उपयोजन

१. भारतात हवा गुणवत्ता निर्देशांक प्रचारात आहे. १०१ ते २०० या ‘मध्यम’ टप्प्यातही दमा व हृदयविकार असलेल्यांना त्रास संभवतो. जवळच्या केंद्रावरील निर्देशांक क्रीडा विभागाच्या फलकावर दररोज नोंदवावा आणि २०० च्या पुढे गेल्यास धावण्याचा सराव सौम्य करावा वा बंदिस्त जागेत घ्यावा.
२. हिवाळ्यातील क्रीडा सराव, एन.सी.सी. कवायत व वार्षिक स्पर्धा यांच्या वेळा स्थानिक हवेच्या दैनंदिन चक्रानुसार ठरवाव्यात.
३. धावण्याचा मार्ग हमरस्त्यापासून दूर ठेवावा. रस्त्यापासून काहीशे मीटरांत वाहनांच्या धुराचे प्रमाण लक्षणीय घटते. सुटीच्या वेळी महाविद्यालयाचे मैदान परिसरातील भरतीच्छुक तरुणांना खुले करणे, हीदेखील आरोग्यसेवाच ठरेल.
४. विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीत वजनासोबत कमरेचा घेरही मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.
५. उपाहारगृहात हंगामी फळे, मोड आलेली कडधान्ये व पालेभाज्या स्वस्त दरात उपलब्ध कराव्यात. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा वैद्यकीय सल्ल्याविना प्रसार करू नये.
६. महाविद्यालयाच्या आवारात पालापाचोळा व कचरा जाळणे बंद करावे.

निष्कर्ष

आहार, मेद व श्रम हे घटक वायुप्रदूषणाच्या अपायाची तीव्रता ठरविण्यात भाग घेतात, हे उपलब्ध पुराव्यांवरून स्पष्ट होते. फळे, भाज्या व कडधान्ये यांनी युक्त आहारामुळे शरीराची संरक्षक फळी बळकट होते. स्थूलता, विशेषतः बाह्यतः न दिसणारा पोटातील मेद, ती फळी दुबळी करतो. व्यायाम दीर्घ मुदतीत हितकारक असला तरी प्रत्यक्ष व्यायामाच्या वेळची हवा दूषित असल्यास त्याचा लाभ घटतो, क्वचित नाहीसाही होतो. म्हणून व्यायाम टाळण्याऐवजी त्याचे स्थळ व वेळ विचारपूर्वक निवडणे श्रेयस्कर होय.

या ज्ञानाचा उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. बाधाप्रवणतेची चर्चा सहजपणे दोषारोपाकडे झुकते. आजारी पडलेल्याने नीट खाल्ले नाही, वजन राखले नाही, असे म्हणून प्रदूषण करणारा सुटतो. परंतु सकस अन्न, मोकळे मैदान व श्रमाची वेळ निवडण्याची मुभा समाजात समान वाटली गेलेली नाही. व्यक्तीने स्वतःची काळजी घ्यावी हे खरेच. तथापि ज्याला ती घेणे परवडत नाही, त्याचे रक्षण हवा स्वच्छ केल्यानेच होऊ शकते. शरीराची तटबंदी मजबूत करणे आणि हवेतील विष कमी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. त्यांपैकी पहिले व्यक्तीचे आहे, दुसरे शासन, उद्योग व समाज यांचे. आणि पहिल्याच्या नावाखाली दुसरे लांबणीवर टाकता येणार नाही.